कार्बन सायकल आणि कोकणातलं ऊन: टॉप ट्यूब पिवळी पडलीय, चालवू की नको?

मिऱ्यावारा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण खरंच जीवाला घोर लागलाय. दीड वर्षापूर्वी एक सेकंडहँड कार्बन रोड बाईक घेतली, पहिल्या मालकाकडे साडेपाच वर्षं होती म्हणजे एकूण सात वर्षांची. फ्रेमला रंग असा नाहीच, कार्बनचं विणकाम दिसतं आणि वरून क्लिअर कोट, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. आमचं घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, सायकल गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली असते, पण शेडला पश्चिमेकडून आडोसा नाही, त्यामुळे दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन सरळ अंगावर घेते.

परवा धुताना दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे टॉप ट्यूबची (सीटपासून हँडलकडे जाणारी वरची नळी) वरची बाजू पिवळट आणि निस्तेज झालीय, कोरड्या बोटाने घासलं तर पांढरी भुकटी लागते. खालची बाजू मात्र नवीन असल्यासारखी. दुसरं म्हणजे डाउन ट्यूबवर (हँडलपासून खाली पायडलकडे येणारी नळी) बाटली अडकवायच्या केजचा जो खालचा बोल्ट आहे त्याच्या भोवती क्लिअर कोटला फोड आलाय, नखाएवढा.

इथल्या एका दुकानात दाखवली तर म्हणाले कार्बन उन्हात वितळतं, आतून गेली असणार, मिळेल त्या भावाला काढून टाका. येत्या रविवारी आरे-वारे मार्गे गणपतीपुळे आणि पुढे जयगडपर्यंत जायचं ठरलंय. चालवू की नको? आणि पुढे ऊन लागू नये म्हणून काय करू? कोणी स्वतः अनुभवलं असेल तर सविस्तर सांगा.

घाटवाट (चिपळूण)

रविवारची राईड या सायकलवर नको. बाकी जाणकार सांगतीलच पण फोड बोल्टापाशी आहे हे मला बरं वाटत नाहीये. दुसरी सायकल मागून घे कोणाची तरी.

राळ_आणि_धागा (मुंबई, मूळ देवरुख)

मी कंपोझिटच्याच कामात आहे म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळू नका.

पहिलं म्हणजे कार्बन उन्हात वितळत नाही. आपण कार्बन कार्बन म्हणतो पण फ्रेम म्हणजे दोन वस्तूंची जोडी आहे, कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन म्हणजे राळच म्हणा. धाग्यांना उन्हाचं काहीच होत नाही. जे होतं ते इपॉक्सीचं होतं. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण इपॉक्सीच्या साखळ्या तोडतात, मग ती आधी पिवळी पडते, मग तकाकी जाते, मग पृष्ठभागावर भुकटी सुटते. तुझ्या बोटाला लागली ती हीच. म्हणूनच उघडी इपॉक्सी कोणी शहाणा कारखाना उन्हात पाठवत नाही, तिच्यावर रंग किंवा क्लिअर कोट असतो आणि त्या क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषून घेणारी रसायनं घातलेली असतात. ती रसायनं वर्षानुवर्षं मार खाऊन संपत जातात. रंगवलेल्या फ्रेमला ही भीती बरीच कमी कारण रंगातल्या कणांतून प्रकाश आरपार जातच नाही. नुसतं विणकाम दाखवणारी फ्रेम दिसायला देखणी, पण तिचं सगळं संरक्षण त्या एका पारदर्शक थरावर.

आता मुख्य प्रश्न, फ्रेम आतून गेली का. ऊन वरच्या काही शतांश मिलिमीटरपर्यंतच पोचतं. त्याखाली पहिलाच कार्बनचा थर लागला की तो काळाकुट्ट, प्रकाश तिथेच अडतो. ट्यूबची भिंत साधारण मिलिमीटरभर जाड असते, त्यामुळे नुसत्या उन्हाने सात वर्षांत फ्रेम मोडेल असं होत नाही. बोइंग ७८७ विमानाच्या वजनातला साधारण निम्मा भाग कंपोझिटचा आहे आणि ते रोज धावपट्टीवर उन्हात तळतं, फरक एवढाच की त्याच्यावर रंग असतो आणि तो वेळच्या वेळी पुन्हा दिला जातो.

पण म्हणून दुर्लक्ष करू नकोस. वरचा थर झिजत झिजत धागे उघडे पडले तर पाणी आत शिरायला वाट मिळते, आणि मग खरं नुकसान सुरू होतं.

दर्यावर्दी_मालवण

माका कार्बनचा जास्त कळना नाय, पण फायबर कळता. आमची होडी फायबरची, बारा म्हयने किनाऱ्यार उन्हात असता. हात फिरवलास तर पांढरो भुगो हाताक लागता, अगदी तू सांगतंस तसो.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो. होडीच्या बाहेरच्या बाजूला जेलकोट, म्हणजे राळेचा संरक्षक थर असतो. तो जोवर धड आहे तोवर होडीला काही होत नाही. जेलकोट उन्हाने पिठाळला की आम्ही पॉलिश पेपर मारून नवीन चढवतो. ज्याने दोन-तीन हंगाम आळस केला त्याच्या होडीला काचेचे धागे वर आलेले दिसतात, पाय लावला तर खाज सुटते, आणि मग त्या धाग्यांवाटे पाणी आत जातं आणि आतली लाकडं कुजतात. काचेतून ऊन आरपार जातं म्हणून आमच्याकडे नुकसान खोलवर होतं, वरचे भाऊ म्हणतात तसं कार्बनमध्ये ते अडत असेल तर तुमचं नशीब चांगलं.

आणखी एक. घरांच्या छपराला उजेडासाठी फायबरचा पारदर्शक पत्रा घालतात बघा, दोन-चार पावसाळ्यांत पिवळा होतो आणि त्याचे केस वर येतात. ती हीच गोष्ट. कोकणातल्या माणसाला हे दुकानदाराने सांगायला नको, छपराकडे मान वर करून बघितलं की कळतं.

मिऱ्यावारा

बाप रे, केवढं बरं वाटलं वाचून. दर्यावर्दी काका, आमच्या पडवीला तोच पत्रा आहे आणि अगदी तसाच झालाय, मला कधी संबंध लागला नव्हता. पण उष्णतेचं काय? पत्र्याखाली मे महिन्यात हात ठेववत नाही फ्रेमवर.

राळ_आणि_धागा

बहुतेक फ्रेम साच्यात १२० ते १५० अंशांच्या आसपास भाजूनच तयार होतात. उन्हातली काळी फ्रेम ६०-७० अंशांपर्यंत जाऊ शकते, बंद गाडीच्या आतसुद्धा तेवढंच होतं. म्हणजे मऊ पडण्यापासून बरीच लांब. तरी रोज तापणं आणि रात्री थंड होणं चांगलं नाही, कारण फ्रेममध्ये जिथे जिथे अॅल्युमिनियमचे तुकडे चिकटवलेले असतात तिथे अॅल्युमिनियम तापलं की पसरतं आणि कार्बन जवळजवळ पसरतच नाही, ओढाताण त्या चिकटवलेल्या सांध्यावर येते.

किनारा_आणि_कॅसेट (अलिबाग)

उष्णतेवरून आठवलं, फ्रेमपेक्षा आधी टायरचा विचार करा. ३० अंशांना ८० पीएसआय भरलेली हवा ६० अंशांना साधारण ९० होते. माझी रिम हुकलेस आहे (टायर धरून ठेवणारी आतली कड नसलेली), तिची मर्यादाच ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआय, त्यामुळे मी गाडीत सायकल टाकून निघालो की हवा कमी करूनच ठेवतो. ट्यूबलेसवाल्यांचं सीलंट (पंक्चर बुजवायला टायरमध्ये घालतात तो द्रव) पण उन्हाळ्यात लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी हलवून बघा आत काही आवाज येतो का. आणि लिव्हरवरचं रबर उन्हाने चिकट होतं ते वेगळंच.

दापोलीची_पायडल

माफ करा पण सगळे उन्हाबद्दलच बोलताय आणि मला त्या फोडाची जास्त काळजी वाटतेय. मिऱ्यावारा, तो फोड उन्हाचा नाहीये. ऊन लागलं तर टॉप ट्यूबच्या वरच्या अंगाला लागेल, डाउन ट्यूबवर बाटलीच्या आड एका बोल्टाभोवती गोल करून कसं लागेल? तो मिठाचा आहे.

मी हे भोगलंय म्हणून सांगते. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की ती चक्क बॅटरी होते. कार्बन सोन्यासारखं वागतं, त्याला काही होत नाही, आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. खाल्लेल्या अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते म्हणून ती वरचा क्लिअर कोट उचलते आणि फोड येतो. केजचे बोल्ट ज्यात बसतात तो रिव्हनट, म्हणजे फ्रेममध्ये पक्का बसवलेला आट्यांचा नट, बहुतेक फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा असतो. आणि खालच्याच बोल्टाला का, तर बाटलीतून गळलेलं सगळं तिथे साठतं. तू पाण्यात मीठ-साखर-लिंबू घालतोस ना? मग झालंच.

माझी गोष्ट सीटपोस्टची. फ्रेम कार्बनची, सीटपोस्ट अॅल्युमिनियमचा, मी मुरुड-कर्दे-लाडघर रोज सकाळी वाळूलगत फिरायची आणि घरी आल्यावर फडक्याने पुसून ठेवायची, दोन वर्षांत एकदाही पोस्ट बाहेर काढला नाही. तिसऱ्या वर्षी सीट दोन सेंटिमीटर वर करायची म्हटलं तर हलेच ना. एका दुकानात नेली तर त्यांनी पाइप घालून पिळली आणि सीट ट्यूबला उभी चीर गेली. ती फ्रेम मला फार प्रिय होती, अजून माळ्यावर आहे, टाकवत नाही. तेव्हा सगळ्यांना हात जोडून सांगते, दर तीन-चार महिन्यांनी आणि पावसाळ्याच्या आधी-नंतर नक्की, सीटपोस्ट काढा, आतून बाहेरून पुसा, कार्बनसाठीची पेस्ट लावा, साधं ग्रीस नाही, आणि क्लॅम्पवर जो टॉर्क छापलाय त्याहून जास्त आवळू नका, बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन मीटर असतो.

आणि पुसणं म्हणजे धुणं नव्हे. मीठ पुसून जात नाही, पसरतं. गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवायचं, मग सावलीत वाळवायचं.

मिऱ्यावारा

ताई, मीठ-साखर-लिंबू अगदी बरोबर ओळखलंत, गेलं वर्षभर तेच पितोय. तुमच्या फ्रेमचं वाचून वाईट वाटलं. उद्या बोल्ट काढून बघतो आणि कळवतो.

तोवर आच्छादनाचं सांगा. काल घाईघाईने निळी ताडपत्री गुंडाळून दोरीने बांधून ठेवलीय.

दापोलीची_पायडल

आधी ती काढ! खारी हवा आत कोंडली, वरून ऊन, म्हणजे आत घाम धरणार. तुझ्या फोडाला जे हवं तेच तू देतोयस.

दर्यावर्दी_मालवण

शिवाय निळी ताडपत्री स्वतःच उन्हाला टिकत नाही. एका उन्हाळ्यात चुरा होतो, हाताला निळे तुकडे लागतात.

आमच्याकडे होडीवर झाप घालतात, माडाच्या झावळ्या विणून. ऊन अडतं, वारा खेळतो, खाली पाण्याचा थेंब राहत नाही. जुनी माणसं उगाच नाही करत. तुमच्या शेडला पश्चिमेकडून दोन झाप उभे बांधा, एका दुपारचं काम. फक्त पावसाच्या आधी उतरवा नाहीतर वाऱ्याने फडफडून सायकलवर घासतील.

घाटवाट

झाप मिळाले नाहीत तर नर्सरीत मिळणारी हिरवी शेडनेट दुहेरी. आणि सायकलवर जुनी जाड सुती चादर, खालून मोकळी. माझी अशीच असते.

खाडीपलीकडे (गुहागर)

मी घरात खिडकीपाशी ठेवतो, काचेतून आलेल्या उन्हाने काही होत नाही ना?

राळ_आणि_धागा

होतं. साधी काच अतिनीलमधला बी पट्टा अडवते, ए पट्टा बराचसा सोडते. खिडकीतले पडदे विटतात ते त्यानेच. पडदा ओढ किंवा सायकल आतल्या भिंतीला घे.

आणि ढग आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, पातळ ढगांतून बरेच अतिनील किरण खाली येतात. किनाऱ्यावर तर वरूनच येतात असं नाही, कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के परत फेकतो. त्यात आपण १६ ते १९ अक्षांशांच्या पट्ट्यात, मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. त्याच्या आसपासचे आठवडे सगळ्यात कडक.

किनारा_आणि_कॅसेट

झाडाखाली लावायचा मोह होतो त्यांच्यासाठी: माडाखाली नको, कधीच नको. कार्बनला उन्हापेक्षा घाव जास्त मारतो आणि नारळ पडला तर वरून बारीक ओरखडा दिसेल आणि आतले थर सुटलेले असतील. आंब्याखाली हंगामात चीक गळतो, कातडी भाजते त्याने, क्लिअर कोटवरही डाग धरतो, लगेच पाण्याने धुवा. संध्याकाळी डासांचा स्प्रे मारता तेव्हा सायकलपासून लांब उभे राहा, त्यातलं डीट रंग आणि प्लास्टिक खातं.

मिऱ्यावारा

मंडळी, अपडेट. बोल्ट काढला. सुरुवातीला हलेना, मग जरा भेदक तेल सोडून रात्रभर ठेवला आणि सकाळी निघाला, आट्यांत पांढरी भुकटी गच्च भरलेली. रिव्हनट जागच्या जागी फिरतोय. ताई तुम्ही एकही शब्द चुकीचा बोलला नव्हतात. रविवारी मित्राच्या हायब्रिडवर गेलो.

टॉप ट्यूब आणि डाउन ट्यूबवर एक रुपयाच्या नाण्याने हलकं ठोकत गेलो, एका मित्राने सांगितलं होतं. सगळीकडे टणक आवाज, फोडाच्या भोवती मात्र बोटभर अंतरात आवाज बसका येतो. कोल्हापुरात एक जण कार्बन दुरुस्ती करतो, त्याच्याकडे आंबा घाट चढून नेतोय शनिवारी, अर्थात गाडीतून.

क्लिअर कोटचं काय करू ते सांगा. एक जण म्हणतोय पावडर कोटिंग करून घे, कायमचं काम होईल.

चारचाकी_रंगारी (खेड)

भाऊ थांब! पावडर कोटिंग भट्टीत १८०-२०० अंशांना पिकवतात. लोखंडाच्या फ्रेमला उत्तम, कार्बनची राळ तिथे मरेल, सांधे सुटतील. अजिबात नाही.

माझं गाड्या रंगवायचं काम आहे, ग्राहकांच्या तीन-चार कार्बन फ्रेम केल्यात. टू-के क्लिअर मारायचा, हार्डनर घालायचा तो, पॉलियुरेथेनचा, गाडीला मारतो तोच. आधी ८०० आणि मग १००० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून, हाताने. एक खूण लक्षात ठेव: घासताना पाणी दुधाळ दिसतंय तोवर तू जुन्या क्लिअरमध्ये आहेस, काळं दिसलं की धाग्याला लागलास, तिथल्या तिथे थांब. रंग उडवायचं केमिकल लावू नको, ते राळेलाही सोडत नाही. क्लिअर हवेवर वाळू दे, बूथमध्ये घातलास तर ६० अंशांच्या वर नको.

आणि घरी डबा आणून स्वतः मारणार असशील तर हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला रुमाल बांधून चालत नाही, फुप्फुसाला कायमचा त्रास लागतो. नीट फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा, नाहीतर कोणा रंगाऱ्याकडेच दे.

खाडीपलीकडे

मॅट फिनिशला पॉलिश चालेल का? आणि सिरॅमिक कोटिंग?

चारचाकी_रंगारी

मॅटला घासणारं पॉलिश लावलंस तर चट्टे चमकायला लागतील, परत मॅट होत नाही. सिरॅमिकने पाणी आणि मीठ निसटून जातं, धुवायला सोपं होतं, तेवढ्यासाठी चांगलं. उन्हासाठी त्याच्यावर विसंबू नको. चांगल्या प्रतीची पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक चिकट फिल्म टॉप ट्यूब आणि डाउन ट्यूबला लावलीस तर ओरखडे आणि खडी पण वाचते, फक्त स्वस्तातली घेऊ नको, ती स्वतःच पिवळी होते आणि काढताना क्लिअर घेऊन येते.

मिऱ्यावारा

शेवटचं अपडेट, बहुतेक. कोल्हापूरच्या माणसाने रिव्हनट ड्रिल करून काढला, खालचा कार्बन धड निघाला, वरचाच थर भुकटीने उचलला होता. नवीन रिव्हनट इपॉक्सीत बुडवून बसवला म्हणजे धातू आणि कार्बन थेट टेकत नाहीत. वर एक काचकापडाचा पातळ ठिगळ. टॉप ट्यूब घासून टू-के क्लिअर खेडला मारून घेतला, आता त्यात माझं तोंड दिसतं. सायकल गच्चीवरून खाली आणली, जिन्याखाली उत्तरेच्या भिंतीला हूकवर टांगलीय, तिथे ऊन कधीच येत नाही, वर सुती चादर. गच्चीच्या शेडला झाप बांधलेत ते आईने, आता तिथे कोकमं वाळवण्याआधी ठेवायची सोय झालीय तिची.

आणि बाटलीत आता साधं पाणी, लिंबू-मीठ वेगळ्या बाटलीत जर्सीच्या खिशात.

एक राहिलं, माझी चाकंही कार्बनची आहेत आणि निपल (स्पोक रिमला धरून ठेवणारे छोटे नट) अॅल्युमिनियमचे आहेत असं त्यांनी सांगितलं. तेही जाणार का?

दापोलीची_पायडल

जातात, आणि न सांगता जातात, राईडमध्ये टक्‌ करून स्पोक सुटतो. एकेक निपल जवळून बघ, पांढरं दिसतंय का. पुढच्या वेळी चाक ट्रू करायला, म्हणजे सरळ करून घ्यायला देशील तेव्हा सगळे पितळेचे घालून घे, वजन किरकोळ वाढतं पण आपल्या हवेत पितळच टिकतं. केजचे बोल्ट टायटेनियमचे मिळाले तर घे, टायटेनियम आणि कार्बनचं भांडण नाही. आणि आईंना सांग, कोकमं झाली की आगळाची एक बाटली दापोलीला.